मोर्च्याची नोंद होते, बंद दाराआडच्या भेटीची कधी होणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरातले विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तोंडावर आले की आपल्या पत्रसदरात एक मागणी हमखास येते : मोर्चे शहराबाहेर न्या, बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पाय ठेवायला जागा उरत नाही. माझे टंकलेखन आणि झेरॉक्सचे दुकान बर्डीतच आहे. रस्ता बंद झाला की गिऱ्हाईक तुटते, रुग्णवाहिका खोळंबते, शाळेची मुले उशिरा घरी पोचतात. हा त्रास मी दर डिसेंबरात बघतो. तरीही या मागणीला माझा ठाम विरोध आहे. मोर्चेकऱ्यांची निवेदने माझ्याकडे टाइप होतात आणि ती करता करता सरकारवर कोणाचे वजन कसे पडते, हे मला जवळून दिसले आहे.

निवेदनाचा मसुदा बहुधा वहीच्या पानावर गावाकडूनच लिहून आलेला असतो. वर मुख्यमंत्र्यांचे नाव आणि ‘मुक्काम नागपूर’, मग विषय, मग ‘उपरोक्त विषयान्वये’. शेवटी ठरलेली ओळ : ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस शासन जबाबदार राहील.’ मागे एकदा अंगणवाडी सेविकांचा एक गट आला आणि त्यांनी नेमकी हीच ओळ काढायला लावली. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “भाऊ, इतकं कडक नका लिहू. साहेबानं वाचलं तं पाहिजे.” तिच्या जागी त्यांनी घातले की माहिती मोबाइलवर भरायची सक्ती आहे, पण गावात रेंज नसल्याने त्यासाठी शेताच्या बांधावर जाऊन उभे राहावे लागते. संध्याकाळी त्या पुन्हा आल्या. हातात ओसी, म्हणजे निवेदनाची आपल्याकडे राहणारी प्रत, तिच्यावर आवकचा शिक्का आणि कोणाची तरी सही. त्या शिक्क्याच्या कागदाच्या झेरॉक्स काढून त्यांनी प्रत्येकीला एकेक वाटली. मानधन वाढले नव्हते, आश्वासनही नव्हते. पण आपले म्हणणे सरकारदरबारी पोचले याचा पुरावा हाती होता.

यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा विधानभवनाच्या अलीकडेच, टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवला जातो, चार-पाच जणांचे शिष्टमंडळ आत जाते, बाकीचे रस्त्यावर बसून राहतात. एवढ्यासाठी गडचिरोलीहून, मेळघाटातून माणसे रात्रभर प्रवास करून येतात. वर्षातून एक अधिवेशन नागपुरात भरवण्याची गोष्ट १९५३ च्या नागपूर करारात आली, ती सरकार विदर्भाच्या माणसाला पायी गाठता यावे म्हणूनच ना? मग त्या माणसालाच शहराबाहेरच्या मैदानात बसवायचे, तर अधिवेशन इथे घेण्यात अर्थ काय राहिला?

या रस्त्याने किंमतही मोजली आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीचा दर्जा मागायला आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण गेले. त्यांत बायका आणि लेकरे मोठ्या संख्येने होती. पुढच्या वर्षी समाजाला विशेष मागास प्रवर्गाचे आरक्षण मिळाले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. झीरो माइलजवळच्या गोवारी स्मारकावर दर नोव्हेंबरात हे लोक येतात. मोर्च्यांना उपद्रव म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे जाऊन यावे, असे मला मनापासून वाटते.

दबावगट म्हणजे काहीतरी वाईट, असा आपला समज झाला आहे. निवडणूक न लढवता सरकारच्या निर्णयावर वजन टाकणारा कोणताही संघटित समूह म्हणजे दबावगट. सेविकांची संघटना दबावगट आहे, व्यापाऱ्यांचे चेंबर दबावगट आहे, गिरणी उद्योगाचा महासंघही आहे. माहितीचा अधिकार आपल्याला मिळाला तोही अशाच दबावातून. मला खटकते ते वेगळे आहे. रस्त्यावरचा दबाव सगळ्या गावाला दिसतो, त्याची पोलिसांत नोंद होते, वर्तमानपत्रात फोटो येतो. मंत्र्यांच्या दालनातल्या दबावाचा मात्र मागमूस राहत नाही.

कापसाचेच घ्या. विदर्भातला कापूस दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येऊ लागतो आणि डिसेंबरात आवक जोरात असते. केंद्र सरकारने १८ ऑगस्ट २०२५ ला अधिसूचना काढून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केले आणि दहा दिवसांत ही मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपला कापूस निघण्याच्या बऱ्याचशा काळात बाहेरचा कापूस स्वस्तात येणार आणि इथला भाव दबणार. वस्त्रोद्योगाच्या संघटना ही माफी मागत होत्या. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादल्याने त्यांची अडचण खरी होती, हे मी मानतो. पण मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर झालेल्या त्याच हंगामात हा निर्णय झाला. वर्ध्याकडचा एक शेतकरी निवेदन टाइप करताना मला म्हणाला, “आमाले कोनं इचारलं?” त्याचे निवेदन निघाले तेव्हा अधिसूचना जुनी झाली होती.

संघटित नोकरदारांकडे आणखी एक जोर आहे, तो मतांचा. विधान परिषदेत शिक्षकांच्या सात जागा आहेत. जानेवारी २०२३ मध्ये नागपूर शिक्षक मतदारसंघात जुनी पेन्शन हाच मुद्दा गाजला आणि विद्यमान आमदार पडले. मार्चमध्ये राज्यभर कर्मचाऱ्यांचा संप झाला, पुढच्या वर्षी काहींना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळालाही. त्यांचे मला चांगले वाटते. पण या मतदारसंघात माध्यमिक दर्जाच्या खालच्या शाळेतल्या शिक्षकाला मत नाही. अंगणवाडी सेविकेची, आशाताईची तर गोष्टच सोडा. त्यांच्याकडे रस्ताच आहे.

तेव्हा मोर्चे हटवण्याऐवजी दालनाचे दार उघडा, एवढेच माझे मागणे आहे. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्याला, म्हणजे सरकारदरबारी कोणासाठी तरी वजन टाकणाऱ्याला, आपला खर्च आणि विषय जाहीर करावा लागतो. डिसेंबर २०१२ मध्ये वॉलमार्टने भारतातल्या गुंतवणुकीसाठी तिथे केलेल्या लॉबिंगवरून आपल्या संसदेत गदारोळ झाला, तोही तिथे दाखल झालेल्या कागदांमुळेच. आपल्याकडे असा कायदा नाही. मात्र माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ आहे. जनतेवर परिणाम करणारे महत्त्वाचे धोरण आखताना सर्व संबंधित वस्तुस्थिती सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करावी, असे ते सांगते. पक्षांना नाव न सांगता देणगी देण्याचे निवडणूक रोखे रद्द करताना १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानेही मतदाराचा माहितीचा हक्कच पुढे ठेवला. मग धोरण ठरण्याआधी मंत्र्यांना कोणती संघटना, कोणता उद्योगसमूह भेटला आणि त्यांनी काय मागितले, ही त्या धोरणाशी संबंधित वस्तुस्थिती नव्हे काय?

राज्य सरकारने याच अधिवेशनापासून सुरुवात करावी. शिक्का मारून घेतलेले प्रत्येक निवेदन, कोणत्या विभागाकडे गेले आणि काय उत्तर मिळाले यासह, संकेतस्थळावर टाकावे. रामगिरी, देवगिरी, रविभवन या अधिवेशनकाळातल्या मुक्कामाच्या बंगल्यांवर मुख्यमंत्र्यांना आणि मंत्र्यांना भेटलेल्या संघटनांची यादी विषयासह त्याच पानावर द्यावी.

आपल्यालाही एक विनंती आहे, संपादक महोदय. मागच्या अधिवेशनातल्या निवेदनांचे पुढे काय झाले, याचा रोज एक छोटा रकाना अधिवेशनकाळात छापावा. संबंधित संघटनांची परवानगी काढून माझ्या संगणकातले मसुदे मी आपल्या वार्ताहराला विनामूल्य काढून देईन.

आपला,
एक टंकलेखक,
सीताबर्डी, नागपूर