खेळण्यांवर ७० टक्के ड्युटी, पण दुकानात आलेला माल कोण तपासतो? वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
श्री. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
वाणिज्य भवन, नवी दिल्ली

विषय : खेळण्यांवरील आयात शुल्क आणि बाजारातल्या मालाची तपासणी

महोदय,
स.न.वि.वि.

तालुक्याच्या गावात माझं कटलरी आणि खेळण्यांचं दुकान आहे. आपण मुंबईचे खासदार आहात, म्हणून हे पत्र मराठीतूनच लिहितो आहे.

२०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची ड्युटी २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ती ७० टक्क्यांवर गेली. दर अर्थमंत्रालय ठरवतं हे मला ठाऊक आहे. पण १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेला खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश आपल्या मंत्रालयाचा आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर त्याने आयएसआय मार्क सक्तीचा केला. त्याची गरज होतीच. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने बाजारातली आयात खेळणी तपासली, तेव्हा जवळपास ६७ टक्के नापास झाली होती. आदेश आला तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी कुरकुर केली, पण मला तो मनापासून पटला, आजही पटतो. २०१८-१९ मध्ये ३७ कोटी डॉलरच्या आसपास असलेली आयात २०२१-२२ मध्ये ११ कोटींवर आली, हा सरकारचा आकडाही मी नाकारत नाही.

पण आयात कमी झाली म्हणजे पोरांच्या हातात चांगलं खेळणं आलं, असं दुकानात बसून दिसत नाही. ड्युटी लागते ती किमतीवर. माल कसा आहे, हे ती विचारत नाही. एखाद्या खेळण्याची किंमत कागदावर २० रुपये दाखवली तर १४ रुपये ड्युटी बसते. तेच खेळणं ५ रुपयांचं दाखवलं, की साडेतीन रुपयांत सुटतं. दर जितका चढा, तितका किंमत कमी दाखवण्यात फायदा जास्त. उलट खरं बिल दाखवून, सगळ्या चाचण्या करून ६०० रुपयांचं चांगलं खेळणं आणणाऱ्याला ते ड्युटीसकट १०२० ला पडतं. त्यावर जीएसटी आणि सगळ्यांचं मार्जिन. आमच्या गावात ते कोण घेणार? म्हणजे प्रामाणिक आयातदार आधी बाहेर पडतो आणि कचरा आणणारा टिकून राहतो.

पाळण्यातल्या पोरांसाठी गाणं वाजणारा प्लास्टिकचा खेळण्यातला मोबाईल फोन येतो, तो हातात घेऊन बघा. मागे बॅटरीचं झाकण असतं. मानकानुसार बटण सेलचं झाकण स्क्रू काढल्याशिवाय किंवा दोन वेगवेगळ्या हालचाली एकाच वेळी केल्याशिवाय उघडता कामा नये. स्वस्तातल्या मालाचं झाकण नखाने निघतं. स्क्रूचं भोक असतं, स्क्रू नसतो. आत शर्टाच्या बटणाएवढे सेल असतात. असा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. आईबापांना हे माहीत नसतं. त्यांना दिसते ती किंमत, आणि खोक्यावरचा आयएसआयचा शिक्का.

त्या शिक्क्याखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असायला हवा. माझ्याकडे दाखवायला येणाऱ्या कित्येक खोक्यांवर तो नसतो. कधी असतो, पण भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला तर परवाना दुसऱ्याच कुठल्या तरी मालाचा निघतो. असा माल कच्च्या बिलावर मिळतो. मी पक्कं बिल मागितलं की समोरचा सांगतो, मग हा लॉट तुमच्यासाठी नाही. तोच लॉट जत्रेच्या आधी आठवडाभरात दुसरीकडे खपलेला असतो.

जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने सांगितलं होतं, की महिनाभरात मोठ्या दुकानांतून १८,६०० खेळणी जप्त केली. चांगलं केलं. ब्युरोच्या २०१६ च्या कायद्याने पहिल्या खेपेला किमान २ लाखांचा दंड ठेवला आहे. पण तो बसतो शेवटच्या दुकानदाराला. ज्याने कंटेनर सोडवला, ज्याने गोडाऊनमध्ये स्टिकर चिकटवले, त्याच्यापर्यंत तपास जातो का? जप्तीचा पंचनामा दुकानात संपू नये. बिल कुणाचं, त्याला माल कुणी दिला, असं मागे मागे बंदरापर्यंत गेलं पाहिजे. आणि बिल नसलेला माल ठेवणाऱ्या दुकानदाराला सूट द्या, असं मी अजिबात म्हणत नाही.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण आपल्या कानावर घालायलाच हवी. ७० टक्क्यांच्या आडोशाला आपला देशी मालही ढिला पडायला लागला आहे. सुटे भाग बाहेरून आणायचे, इथे जोडायचे आणि वर ‘मेड इन इंडिया’ छापायचं, असा माल मी रोज पाहतो. त्यात मनापासून चांगलं काम करणारे कारखानदार आहेत, त्यांचा माल मी पुढच्या फळीवर मांडतो. पण धारदार कडा आणि सहज उपटून येणारी चाकं देशी खेळण्यांतही आहेत. पोराच्या घशात अडकलेलं चाक कुठल्या देशाचं, याने काय फरक पडतो?

सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी फळांचं मात्र वेगळं. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना या आदेशातून सूट आहे आणि ती राहिलीच पाहिजे, नाहीतर परवान्याच्या खर्चातच कारागिराचं घर बसेल. पण खेळण्याचा रंग मुलाच्या तोंडात जातो. रंगातून सुटणाऱ्या शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम आहे. कारागिराच्या रंगाची ही तपासणी सरकारने स्वतःच्या खर्चाने करून द्यावी. त्याला दाखला मिळेल आणि मलाही तो माल छातीठोकपणे विकता येईल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉलिएस्टर धागा आणि त्याच्या कच्च्या मालावरचे काही गुणवत्ता आदेश सरकारने मागे घेतले. कारखान्यात जाणाऱ्या कच्च्या मालाबाबत ते योग्यच, तिथे घेणाऱ्याला माल पारखता येतो. पण ती ढील थेट घरात जाणाऱ्या वस्तूंपर्यंत येऊ देऊ नका. खेळण्यांचा आदेश तर मुळीच हलवू नका.

बीआयएसने दर महिन्याला साध्या दुकानांतून, जत्रांतून आणि ऑनलाइन, गिऱ्हाईक म्हणून खेळणी विकत घ्यावीत, देशी आणि परदेशी दोन्ही. नापास झालेल्यांची यादी फोटो, मॉडेल, आयातदार किंवा कारखानदाराचं नाव आणि कारण देऊन जाहीर करावी, मराठीसह सगळ्या भाषांत. युरोपीय संघात ‘सेफ्टी गेट’ या संकेतस्थळावर अशी यादी लोकांसाठी खुली असते. माल परत मागवण्याचा अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिलेलाच आहे, तो या यादीला जोडा. ही व्यवस्था बसली, की ७० टक्के किती वर्षं ठेवायचे आणि कधी कसे उतरवायचे, त्याचं वेळापत्रक अर्थमंत्र्यांकडून जाहीर करून घ्या. कारखानदारालाही कळेल, की किती वर्षांत दर्जावर उभं राहायचं आहे.

दिवाळीचा माल आम्ही दोन महिने आधी भरतो. पहिली यादी त्याआधी निघाली, तर छापून दुकानाच्या दारावर लावीन.

आपला,
एक किरकोळ खेळणी विक्रेता