बार्शी लाइटचे नाव मॉडेल रेल्वेवर कधी दिसणार?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मॉडेल रेल्वेचा छंद आपल्याकडेही हळूहळू रुजतो आहे. पुण्यातील जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयाने १९९८ पासून तो अनेकांना लावला, त्यांपैकी मी एक. मात्र प्रत्यक्ष खरेदीला गेले की इंजिनांवर आणि डब्यांवर बड्या अमेरिकी रेल्वे कंपन्यांची तीच ती नावे आढळतात : सांता फे, युनियन पॅसिफिक, पेनसिल्व्हेनिया. छोट्या रेल्वे कंपन्यांची नावे क्वचितच मिळतात आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेचे नाव तर मला आजवर एकाही दुकानात दिसलेले नाही.

यामागचे व्यापारी कारण मी समजू शकतो. डब्याचा साचा महाग असतो, म्हणून एकाच साच्यातून डबे काढून त्यांवर निरनिराळ्या कंपन्यांचे रंग आणि नावे छापली जातात. प्रत्येक नावासाठी छपाईची वेगळी तयारी करावी लागत असल्याने खपाची खात्री नसलेले नाव मागे पडते. तरीही अमेरिकेत बाल्टिमोर ते यॉर्क ही जेमतेम १२४ किलोमीटरची मेरीलँड अँड पेनसिल्व्हेनिया रेल्वे छंदिष्टांनी लाडाने ‘मा अँड पा’ म्हणत जपली आणि तिच्या नावाची मॉडेल्स वेगवेगळ्या उत्पादकांनी काढली. बार्शी लाइट तर मिरजेपासून लातूरपर्यंत ३२५ किलोमीटर पसरली होती.

या रेल्वेची योग्यता केवळ लांबीत नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा अडीच फुटी (रुळांमधले अंतर अडीच फूट) मार्ग सुरू केला तेव्हा एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हे सूत्र त्यांनी इंजिनापासून मालडब्यापर्यंत सगळीकडे पाळले. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता आला. पुढे इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभारताना हाच अनुभव त्यांच्या कामी आला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली आणि आषाढीला टपापर्यंत भरलेले वारकऱ्यांचे डबे ही तिची ओळख झाली.

विशेष म्हणजे हे मॉडेल करणे अवघडही नाही. ७६२ मिलिमीटरचा, म्हणजेच हा अडीच फुटी मार्ग एचओ प्रमाणात, म्हणजे ८७ पट लहान केला, तर पावणेनऊ मिलिमीटर भरतो आणि ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. मी असाच एक परदेशी नॅरो गेज डबा आणून त्यावरचे मूळ नाव घासून काढले आणि भिंगाखाली बारीक कुंचल्याने दोन मिलिमीटर उंचीची अक्षरे काढायला बसलो. ‘बार्शी’मधला रफार तीनदा पुसावा लागला. अक्षरे अखेर जमली, पण डबा काही बार्शी लाइटचा झाला नाही. खिडक्यांची संख्या, टपाचा बाक, सारेच वेगळे. एका विक्रेत्याने मला कोणत्याही इंजिनावर हवे ते नाव छापून देण्याची तयारी दाखवली होती, ती मी याच कारणासाठी नाकारली. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या, एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांच्या बार्शी लाइटच्या इंजिनाचे नाव भलत्याच इंजिनावर लावणे मला पटत नाही.

म्हणून भारतीय मॉडेल उत्पादकांना माझी विनंती आहे की, पूर्ण गाडी लगेच शक्य नसेल तर आगाऊ नोंदणी घेऊन एखादा डबा तरी काढावा, किमान अचूक अक्षरांचे चिकटपत्रक तरी उपलब्ध करून द्यावे. तसेच या डब्यांचे आणि इंजिनांचे जुने मोजमापी नकाशे रेल्वेच्या दप्तरी शिल्लक असतील, तर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाने त्यांच्या प्रती माफक शुल्कात अभ्यासकांना द्याव्यात. रुंदीकरणानंतर जुने रूळ गेले, ती गाडी चालवणारी पिढीही थकली आहे. खिडक्या किती होत्या आणि रंग कोणता होता, हे सांगू शकणारी माणसे कुर्डुवाडी-बार्शीत अजून भेटतात, तोवर हे काम व्हावे.

आपला,
एक वाचक, सोलापूर