उन्हाळा, खाज आणि 'ती ट्यूब'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एप्रिल लागला की पुरवण्यांमधून बेसन, दही आणि संत्र्याच्या सालीच्या लेपांचा मारा सुरू होतो. लावा बाप्पा. फक्त लिंबू चोळून उन्हात निघू नका, कातडी भाजून काळे डाग पडतात. पण सक्करदऱ्यातल्या माझ्या मेडिकलमध्ये उन्हाळाभर जे मागितलं जातं, त्याबद्दल या पुरवण्यांत अवाक्षर नसतं.

घामोळ्या असोत, जांघेतलं गजकर्ण असो की स्कार्फ बांधूनही काळवंडलेला चेहरा, सगळ्यांना 'ती ट्यूब' हवी असते. काउंटरवर बाई दिसली की पुरुष नाव घेत नाहीत, मोबाइलमधला फोटो पुढे करतात. डॉक्टरांची चिठ्ठी मागितली की, "काऊन जी? मागच्या वेळी दोन दिवसांत खाज गेली होती ना!"

गेली, कारण त्यात स्टिरॉइड असतं. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, नाहीतर मोमेटासोन. गजकर्ण म्हणजे बुरशी. स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी निवांत पसरते. ट्यूब थांबवली की पुन्हा उसळते, माणूस पुन्हा दुकानात. बरेच दिवस असं चाललं की कातडी पातळ होते, जांघेत बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे वळ उमटतात. ते सहसा पूर्ण जात नाहीत. गोरं व्हायला चेहऱ्यावर लावणाऱ्या मुलींच्या वाट्याला पुटकुळ्या, लव आणि उन्हात निघताच होणारी आग.

केंद्र सरकारने 2018 मध्ये लावायची स्टिरॉइडंही शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक दुसरीकडून ट्यूब घेऊन माझ्याच दुकानासमोरून जातं, वर हात दाखवतं.

घामोळ्यांना खरं तर फारसं काही लागत नाही. घामाची छिद्रं बुजून त्या येतात, त्यावर तेल किंवा पावडरचे थर कशाला? गार पाण्याची आंघोळ, सैल सुती कपडे, फार तर कॅलामाइन. जूनमध्ये हवा दमट झाली की बंद खोलीतला कूलर घाम वाळू देत नाही, खिडकी उघडी ठेवा. गजकर्णाला नुसतं बुरशीवरचं मलम हवं, तेही डागाच्या कडेबाहेर थोडं आणि डाग दिसेनासा झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.

आणखी एक. पारा दुपारी तीन-चारला चढतो, पण कातडी जाळणारे अतिनील किरण नागपुरात सव्वाबाराच्या आसपास सर्वांत तीव्र असतात. "अजून कुठं तापलंय" म्हणत अकराला गाडी काढणाऱ्यांनीही सनस्क्रीन लावावं, दर दोन तासांनी पुन्हा.

महिनोन्‌महिने ती ट्यूब लावत असाल, तर मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात दाखवून मगच बंद करा. आणि संपादक महोदय, लेपांच्या शेजारी एवढी एक चौकट द्याच, वरची तिन्ही नावं मोठ्या टाइपात. ट्यूबवर ती इतकी बारीक छापलेली असतात की चाळिशी लावूनही मला उजेडाला धरून वाचावी लागतात.

आपली,
एक औषधविक्रेती,
सक्करदरा, नागपूर