शिनाण्यांचा डिंक राहू द्या, काचेचं बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘शिनाण्यांच्या डिंकाने उजळणार कोकणचं भाग्य’ हा लेख वाचला. शीर्षक देणाऱ्याला दंडवत. सोबत फोटो मात्र तिसऱ्यांचा! शिनाणी म्हणजे कातळाला चिकटून राहणारे शिंपले; तिसऱ्या वाळू-चिखलात पुरून राहतात, कातळाला चिकटत नाहीत. मालवणात असा फोटो छापायला धाडस लागतं.

डिंक खरा आहे, त्यावर वाद नाही. शिनाणं पाय कातळाला टेकवतं, त्यातून प्रथिनं सोडतं आणि बघता बघता त्यांचा दोरा होतो. साफ करताना आपण जे केस ओढून टाकतो, ते हेच. त्या प्रथिनांत डोपा नावाचं अमिनो आम्ल असतं, हे हर्बर्ट वेट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं. ओल्या दगडाला धरून राहायची करामत बरीचशी या डोपाची. संशोधक हा डिंक बशीच्या तळाला लावतात, म्हणजे एरवी तरंगत राहणाऱ्या पेशी जागच्या हलत नाहीत आणि त्यांच्यावर बारीक नळी टेकवून विद्युतप्रवाह मोजता येतो. सेल-टॅक नावाने तो विकत मिळतो. अ‍ॅसिटिक आम्लात ठेवलेला असतो, आम्ल मारलं की चिकटतो.

तुमच्या लेखकाने याची आणि फायब्रोनेक्टिनची खिचडी केली आहे. फायब्रोनेक्टिन हे आपल्या शरीरातलं प्रथिन. पेशी ते आपल्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी ओळखून धरते, आणि धरलं की पेशीच्या आत निरोप जातात: पसर, सरक, वाढ. शिनाण्याच्या डिंकाला ओळखपाळख लागत नाही, समोर येईल त्याला तो धरतो. म्हणून तर पेशीला नुसती जागेवर बसवायची असेल तेव्हा तो कामाचा.

आता भाग्याचं. एक ग्रॅम प्रथिनासाठी सुमारे १०,००० शिनाणी लागतात, असा हिशेब शास्त्रज्ञच देतात. म्हणून तर कोरियातल्या पोहांगच्या संशोधकांनी जनुक घालून ते जिवाणूंकडून बनवून घेतलं. शिवाय बाटलीतला डिंक थंड समुद्रातल्या निळ्या शिनाण्याचा, आपलं हिरवं. ओहोटीला कातळावर वाकून शिनाणी काढणाऱ्या बाईच्या पदरात यातलं काय पडणार, ते लेखात शोधूनही सापडलं नाही.

आणि शेवटी ते वाक्य, ‘लवकरच आपल्या लॅबमध्येही क्रांती’. मी नोकरीभर लॅबमध्ये तपासणीच्या काचा (स्लाइड) रंगवल्या आहेत, म्हणून हे वाचून राहवलं नाही. माझ्या वहिनीच्या छातीतली गाठ काढली, तेव्हा तुकडा एका लॅबमध्ये दिला होता. नाव लिहीत नाही, तुम्ही छापणारही नाही. हार्मोन रिसेप्टरच्या चाचणीत, म्हणजे गाठीच्या पेशींत हार्मोनला धरणारी प्रथिनं आहेत का हे बघताना, काच जवळजवळ उकळत्या द्रावणात ठेवावी लागते. त्या उष्णतेत साध्या काचेवरचा गाठीचा पातळ काप सुटून येतो, म्हणून पॉली-लायसिनचा चिकट लेप लावलेली किंवा विद्युतभारित काच वापरायची असते. हे कुठल्याही टेक्निशियनला पहिल्या वर्षी शिकवतात. इथे काप गेला, आणि रिपोर्टवर काय लिहिलं? ‘नमुना अपुरा’. अपुरा म्हणे! मेणाच्या ब्लॉकमध्ये तुकडा हवा तेवढा शिल्लक होता, मी डोळ्यांनी पाहिला. फोन करून विचारलं, काच कुठली वापरता? पलीकडून उत्तर, “काचेचीच काच, मॅडम.”

शेवटी दादा तो ब्लॉक रुमालात गुंडाळून एसटीने कोल्हापूरला घेऊन गेला. तोवर डॉक्टर हार्मोनविरोधी गोळ्या सुरू करीनात, आणि त्यांचं बरोबरच होतं, कारण त्या गोळ्या द्यायच्या की नाही हे त्याच चाचणीवर ठरतं. वहिनी रोज विचारायची, “ताई, माझो तुकडो हरवलो काय गो?” तिला काय सांगणार? काचेला चिकटला नाही म्हणून?

तेव्हा परदेशातल्या डिंकाचं कौतुक जरूर छापा, पण एखादा बातमीदार जिल्ह्यातल्या लॅबमध्येही पाठवा. कुठली काच वापरता, एवढंच विचारू द्या. क्रांती वगैरे नंतर बघू.

जाता जाता आणखी एक. दुसऱ्या पानावरचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढून तिथे राशिभविष्य दुप्पट केलंत. शिनाण्यांवर अर्धं पान लिहिणाऱ्या वर्तमानपत्राला ती कधी काढतात हे ठाऊक असायला हरकत नव्हती. तुमच्या कार्यालयात विचारलं तर म्हणे मोबाइलवर बघा. कातळावर रेंज कुठे येते, तेही मग छापा. रोज जमत नसेल तर निदान अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तरी कोष्टक द्यावं, ही विनंती.

कळावे,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मालवण