आई-बाबांना पत्र : रेसिंग स्कूलमध्ये मी काय शिकते

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, जिला शर्यतीत उतरायचेच नाही तिने मोटरसायकल रेसिंग स्कूलमध्ये कशासाठी जावे, असे तुम्ही विचारलेत. आई, तू काहीच विचारले नाहीस, आणि तू गप्प राहतेस तेव्हा काळजी अधिक असते हे मला ठाऊक आहे. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमचे शिक्षण ट्रॅक डेला होते, म्हणून प्रथम ट्रॅक डे म्हणजे काय ते सांगते. शर्यतीसाठी बांधलेला ट्रॅक एखाद्या दिवशी सर्वसामान्य रायडरांना खुला करतात. तेथे क्रमांक नसतात, बक्षीस नसते, आणि शिकाऊ गटांत तर फेरीची वेळ मोजण्यासही बहुधा मनाई असते. वेग आणि अनुभव पाहून गट पाडलेले असतात व एका वेळी एकच गट साधारण वीस मिनिटांसाठी ट्रॅकवर जातो, त्यामुळे नवख्याच्या शेजारून एखादा सराईत रायडर अचानक सुसाट निघून गेला असे सहसा घडत नाही. नवख्यांच्या गटात वळणावर ओव्हरटेक करण्यास बंदी असते आणि ती मोडणाऱ्याला काळा झेंडा दाखवून आत बोलावतात. सकाळच्या बैठकीत झेंड्यांची उजळणी होते : पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, ओव्हरटेक करू नका, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा म्हणजे ट्रॅक निसरडा आहे, लाल म्हणजे सत्र थांबले, सर्वांनी सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करण्याच्या जागेत, परत या. ही बैठक चुकवणाऱ्याला ट्रॅकवर सोडत नाहीत.

त्याआधी गाडीची तपासणी होते आणि बाबा, ती तुम्हाला नक्की आवडेल, कारण गाडीच्या बाबतीत तुम्ही जितके चिकित्सक आहात तितकेच ते तपासनीसही असतात. आरसे काढून ठेवायचे, दिव्यांच्या काचा टेपने झाकायच्या, म्हणजे गाडी पडलीच तर काचांचे तुकडे ट्रॅकवर विखुरत नाहीत. बऱ्याच ठिकाणी रेडिएटरमधील कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, काढून साधे पाणी भरायला लावतात, कारण कूलंटमधले ग्लायकॉल सांडले तर मागून येणाऱ्याचे चाक त्यावरून घसरते आणि पाणी मात्र वाळून जाते. मग तपासनीस चेनचा ढिलेपणा बोटाने दाबून पाहतो, ब्रेक लिव्हर आवळतो, टायर बोटांनी चाचपतो, थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवणारी मूठ, पिळून सोडून देतो आणि तो आपणहून पूर्ण मिटतो की नाही हे बघतो. रोज रस्त्यावर धावणाऱ्या किती गाड्या या तपासणीत उतरतील, असा विचार तेव्हा मनात आल्यावाचून राहत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर. मोटरसायकलवर भीती वाटली की माणसाचे शरीर काही गोष्टी न विचारता करते : मुठी आवळल्या जातात, थ्रॉटल एकदम मिटला जातो, नजर नेमकी ज्याची भीती वाटते त्यावर खिळते. दुर्दैव असे की या तिन्ही गोष्टी संकट वाढवतात. वळणात झुकलेल्या गाडीचा थ्रॉटल एकदम मिटला तर भार अचानक पुढच्या चाकावर येतो. हँडल घट्ट धरले तर गाडीला स्वतःला सावरायला मोकळीक मिळत नाही. आणि जिकडे नजर तिकडे गाडी, म्हणून ज्या खांबाला टाळायचे त्याकडेच माणूस जातो. अमेरिकेत कीथ कोड यांनी १९८० साली रायडरांसाठी जी शाळा काढली, तिच्या शिकवणीचा मोठा भाग या उपजत प्रतिक्रिया ओळखण्यावर आणि बदलण्यावर उभा आहे. हे वाचून कळते, पण हाताला वळण लागत नाही. त्यासाठी तेच वळण पुन्हा पुन्हा घ्यावे लागते आणि ही सोय रस्त्यावर नाही, कारण तिथे दर वेळी समोरचे वाहन, खड्डा किंवा पादचारी वेगळा असतो.

म्हणून प्रत्येक सत्रात एकच गोष्ट शिकवतात. उजवीकडे वळायचे तर हँडलची उजवी बाजू हलकेच पुढे ढकलायची, म्हणजे गाडी उजवीकडे झुकते. ऐकायला हे उलटे वाटते आणि मीही इतकी वर्षे नकळत तेच करत होते. पण जाणून केल्यावर अडथळा चुकवणे किती झटपट होते, ते पाहून मी थक्क झाले. ब्रेकचा सराव मला सर्वांत मोलाचा वाटतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे शाळेत भौतिकशास्त्रात शिकलेले सूत्र तिथे अंगाला कळते. पुढचा ब्रेक झटक्याने न दाबता लिंबू पिळावे तसा वाढवत न्यायचा, म्हणजे आधी भार पुढे सरकतो, टायर जमिनीवर दाबला जातो आणि मगच पूर्ण जोर पेलतो. वळणाबाहेर पडताना थ्रॉटलही असाच हळूहळू वाढवत न्यायचा.

नजरेचा धडा सर्वांत अवघड गेला. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते, तेव्हा चाकासमोरच्या जमिनीकडे पाहणे निरुपयोगी असते. गाडी वळणात शिरण्यापूर्वीच डोळे वळणाच्या आतल्या बिंदूवर आणि तेथून बाहेरच्या टोकाकडे गेले पाहिजेत. माझे प्रशिक्षक पुढे गाडी चालवत, डाव्या हाताने स्वतःच्या गाडीच्या शेपटीवर थाप मारून 'माझ्या मागे या' अशी खूण करत. त्यांची मान वळण येण्याच्या कितीतरी आधी फिरलेली दिसे. मीही तसे करू लागल्यावर तोच वेग संथ वाटू लागला आणि हातांतला ताण आपोआप गेला.

आई, धोका नाही असे मी लिहिणार नाही. माणसे पडतात. बहुतेक वेळा टायरची पकड सुटून गाडी खालून निसटते आणि रायडर जमिनीवरून घसरत जातो. मागचे चाक घसरून एकदम पुन्हा पकड घेते तेव्हा मात्र तो वर फेकला जातो, आणि हे पडणे जास्त वाईट असते. गळ्याजवळचे हाड मोडणे ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे. परंतु तिथे समोरून ट्रक येत नाही, बऱ्याच वळणांबाहेर घसरत जायला मोकळी जागा असते आणि रुग्णवाहिका सज्ज असल्याशिवाय सत्र सुरू होत नाही. मी अखंड चामड्याचा सूट, पाठीचे कवच, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, घोट्यावरचे बूट आणि मनगटाला बांधलेले हातमोजे घालते. सूटच्या आत एअरबॅग असून रायडर पडू लागताच ती पापणी लवण्याच्या आत फुगते. मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेत २०१८ पासून ती सर्वांना सक्तीची आहे. नेहमीच्या वाहनविम्यात ट्रॅकवरचे नुकसान सहसा धरत नाहीत, म्हणून पॉलिसीच्या अटी वाचून अपघात विमा वेगळा घेतला आहे. त्याची कागदपत्रे पाठवते, बाबांनी एकदा नजरेखालून घालावीत.

वेगाची ओढ मला आहे, ही गोष्ट तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. ती ओढ भागवण्याची जागा मला मिळाली आहे आणि त्यामुळे रस्त्यावर मागून कोणी हॉर्न वाजवला तरी मला त्याच्या पुढे जावेसे वाटत नाही. आता मी समोरच्या वाहनापासून पूर्वीपेक्षा दुप्पट अंतर ठेवते.

पुढच्या वेळी तुम्ही दोघांनी यावे अशी इच्छा आहे. पाहुण्यांना पिटच्या मागे उभे राहता येते, मात्र इंजिनांचा आवाज फार असतो, म्हणून कानांत घालायचे बोळे मी आणीन. तिथून ट्रॅकचा बराचसा भाग दिसत नाही. मी नजरेआड गेले तर घाबरू नका. लाल झेंडा लागला तरी लगेच काही मनात आणू नका, कारण कुणाची गाडी नुसती बंद पडून धोक्याच्या जागी उभी राहिली तरी तो दाखवतात. येणार असाल तर आधी कळवा, प्रवेशासाठी पाहुण्यांची नावे अगोदर द्यावी लागतात.

तुमची मुलगी