डिसेंबरच्या लग्नाची पिशवी मे महिन्यात भरा

महोदय,

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना सुरुवात होते, आणि त्याच सुमारास आमच्या बचत गटाचा फोन वाजायला लागतो. पूर्वी मागणी यायची ती पंगतीला लागणाऱ्या आमसुलांची आणि मालवणी मसाल्याची. आता येते 'वेलकम बॅग'ची. वऱ्हाडी मुंबई-पुण्याहून, बंगळुरूहून, कधी दुबईहून येतात. कुणी कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला गाडीतून उतरतं, कुणी गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर. समुद्राकाठच्या रिसॉर्टवर खोली उघडली की पलंगावर एक पिशवी असते. तिच्यावर वधूवरांची नावं, आत कार्यक्रमाचा कागद, पाण्याची बाटली, थोडा खाऊ आणि कोकणातलं म्हणून काहीतरी. या 'काहीतरी'बद्दल हे पत्र आहे.

पिशवी देण्याला माझा विरोध नाही. असण्याचं कारणही नाही, आमच्या गटातल्या बायकांची शिलाई मशीन त्यावर चालतात. आणि ही पद्धत काही आकाशातून पडलेली नाही. वरपक्ष गावाच्या शिवेवर आला की सीमांतपूजन व्हायचं, दमून आलेल्याच्या हातावर गूळ ठेवून पाणी दिलं जायचं, जानोशाच्या घरात तांब्या-भांड्यापासून अंथरुणापर्यंत सगळं मांडून ठेवायचे. परतीच्या वेळी बुंदीचा लाडू आणि चिवडा बांधून द्यायचे तो वेगळाच. फक्त तेव्हाचा लाडू मांडवामागच्या चुलीवर झालेला असायचा. तो कुठला, हे विचारायची कुणाला गरज पडत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात एका घराने आमच्याकडून फक्त कापडी पिशव्या शिवून घेतल्या. आत काय घालायचं ते शहरातल्या आयोजकाकडून खोक्यांत भरून आलं. खोकी उघडली तेव्हा मी तिथेच होते. 'कोकम सरबत' म्हणून लाल पाण्याच्या बाटल्या होत्या. चिठ्ठीवर पहिली साखर, मग पाणी, मग रंग, आणि कोकम पार शेवटी. काजूच्या पुडीवर गावाचं नाव नव्हतं. शिंपल्यांची किल्ली-साखळी होती, तिचे शिंपले आमच्या किनाऱ्यावर मी कधी पाहिलेले नाहीत. शिवाय बटाट्याचे वेफर. पुठ्ठ्यावर मात्र हापूस, नारळ आणि होडी छापलेली. डिसेंबरात आमच्या कलमांना जेमतेम मोहोर दिसायला लागतो, आणि खोक्यावर पिकलेला आंबा! त्या सगळ्या पसाऱ्यात या जिल्ह्यातली वस्तू एकच होती, ती म्हणजे आमची पिशवी.

आयोजकाने हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा गोची होते ती तारखेची. लग्न ठरतं, हॉल ठरतो, जेवणाची ताटं ठरतात, छायाचित्रकार ठरतो, आणि पिशवी आठवते ती लग्नाला पंधरा-वीस दिवस राहिल्यावर. त्या वेळी तुम्ही मला 'दोनशे जणांना पुरेल इतकं अस्सल काहीतरी द्या' म्हणालात, तर मी कुठून देऊ?

रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मेमध्ये. ते फोडायचे, बी आणि गर वेगळा करायचा, साली उन्हात टाकायच्या, पुन्हा रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. असं काही वेळा झालं की आमसूल काळंभोर आणि मऊ होतं. मीठ घालून ठेवलेला रस म्हणजे आगळ, साखरेत मुरवलेल्या सालींचं ते सरबताचं कोकम. हे सगळं पावसाच्या आधी उरकावं लागतं. एकदा मृगाची सर आली की अंगणात काही वाळत नाही. फणसपोळी आणि आंबापोळीचंही तेच, जी काय व्हायची ती मेच्या उन्हात. मग जून उजाडला की घरात शाळेची फी, पेरणी आणि छपराची कौलं एकदम उभी राहतात. हातात मागणी नसेल तर बाई माल साठवून ठेवत नाही, दारात आलेल्या व्यापाऱ्याला भरणी रिकामी करून देते. डिसेंबरात तुम्ही विचारता तेव्हा तो माल कुठल्या बाजारात, कुठल्या नावाने फिरतोय ते आम्हालाही माहीत नसतं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हापूसला २०१८ मध्ये. मानांकनाचा कागद चांगलाच आहे, पण तो कुणाची भरणी डिसेंबरपर्यंत थांबवून धरत नाही. ते काम आगाऊ रक्कम करते.

काजूचं जरा वेगळं आहे. बी मार्च ते मे या काळात येते, गर वर्षभर मिळतो, त्यामुळे फसगतही वर्षभर होऊ शकते. आमच्या जिल्ह्यातल्या कारखान्यांत आफ्रिकेतून आलेली बीही फोडली जाते. त्यात बेकायदा काही नाही, गावातल्या बायकांना त्यावर काम मिळतं. पण पिशवीवर 'वेंगुर्ल्याचा काजू' छापणार असाल तर बी कुठली हे विचारून घ्या. विचारलं की दुकानदार सांगतो. पाहुण्यांना द्यायला सर्वांत मोठा गरच हवा असंही नाही. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पाउंडात तीनशे ते तीनशेवीस गर, तो खायला तितकाच गोड. मी तर सालीसकट भाजलेला काजू सुचवते. दिसायला जरा काळपट, पण तो पाहिल्यावर पाहुणा विचारतो, आणि विचारणं सुरू झालं की पुढच्या गप्पा आपोआप होतात.

आता सावंतवाडी. इथल्या चितारआळीतली लाकडी फळं आणि खेळणी सगळ्यांना ठाऊक आहेत. लाकूड कापायचं, घडवायचं, घासायचं, रंगाचा एक हात देऊन सुकवायचा, मग दुसरा. एका कारागिराला आठवडाभरात दोनशे आंबे करून द्या म्हणणं म्हणजे त्याला बाहेरून यंत्रावरचा माल आणायला सांगण्यासारखंच आहे. सगळ्यांना फळं देण्यापेक्षा वऱ्हाडातल्या लहान मुलांना एकेक भोवरा द्या. स्वस्त पडतो, पिशवीत जागा खात नाही, आणि मुलं मांडवाच्या कडेला खेळत बसतात तेवढा वेळ आयांना साड्या सावरता येतात.

गंजिफा, म्हणजे गोल पत्त्यांचा जुना खेळ, हवीच असा हट्ट धरणारे एक मुलीचे वडील भेटले होते. दशावतारी गंजिफेचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, म्हणजे एकूण एकशेवीस गोल पानं. सगळी हाताने रंगवलेली. ही कला जवळजवळ संपत आली होती. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, ती पुन्हा उभी केली, आणि राजवाड्यात आजही कारागीर पानं रंगवताना दिसतात. असा अख्खा डाव प्रत्येक पाहुण्याला परवडणार कसा? आम्ही त्यांना सुचवलं की संच दोनच घ्या, एक व्याह्यांना द्या आणि एक संगीताच्या रात्री खेळायला मांडा. खेळायचं कसं, हे सांगायला एखादं म्हातारं माणूस शोधावं लागेल तेवढंच. त्यांनी तसं केलं का ते मला कळलं नाही.

कोकणी म्हणून सगळंच पिशवीत कोंबायचं नसतं. मालवणी खाजा आणि खडखडे लाडू जत्रेत घ्यावे ते ताजे. मेच्या दमट हवेत पुडी नीट बंद नसली की खाजा सादळतो आणि पाहुण्याला वाटतं हा असाच असतो. सुकी मासळी तर कृपा करून नको, वातानुकूलित खोलीत नको आणि विमानात मुळीच नको. काचेची बाटली द्यायची तर लहान द्या आणि झाकणाला मेण लावून घ्या. एकदा आगळाची बाटली कुणाच्या तरी पांढऱ्या कुर्त्यांवर सांडली, तो डाग अजून असेल.

आगळाचा दुसराही किस्सा आहे. दिल्लीकडच्या एका पाहुणीने ते सरबत समजून पाण्यात घातलं, वर साखर घातली, आणि एका घोटात तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्या गटातली एक आजी तिथे होती. ती म्हणाली, "बाये, ता सरबत न्हय, आगळ आसा ता. सोलकढीक घालूचा." पाहुणीला त्यातलं काही कळलं नाही, पण ती आजीबरोबर स्वयंपाकघरात गेली आणि नारळ खवायला बसली. तेव्हापासून प्रत्येक बाटलीला आम्ही मराठी, हिंदी आणि इंग्रजीत चार ओळींची चिठ्ठी बांधतो: हे काय, कसं वापरायचं, किती दिवस टिकतं. अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांकही त्यावर असतो.

हिवाळ्यातल्या लग्नाला माझी आवडती वस्तू म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाची वडी. घट्ट असते, सांडत नाही, भेगाळलेल्या टाचांना आणि ओठांना लागते, आणि आमच्याकडे जे फेकलं जाऊ शकलं असतं त्याचीच ती झालेली असते. फेब्रुवारी-मार्चचं लग्न असेल तर बायकांसाठी सुरंगीचा वळेसर, म्हणजे सुरंगीच्या फुलांचा गजरा. तो आदल्या दिवशी करून ठेवता येत नाही, सकाळी फुलं येतील तसा गुंफावा लागतो, म्हणून तो पिशवीत नव्हे, हातातच द्यावा. ज्या आयोजकाला हे जमेल त्याला मी मानेन.

पैशाचं स्पष्ट बोलते. एका पिशवीला अडीचशे रुपये म्हणून घासाघीस करणारी मंडळी त्याच लग्नात फुलांच्या कमानीवर किती खर्च करतात ते आम्ही बघत असतो. अडीचशेत शिवलेली पिशवी, शंभर ग्रॅम काजू, लहान पुडीत आमसुलं आणि एक तेलाची वडी बसते, चांगली बसते. आठ वस्तू बसत नाहीत. आठ वस्तू हव्याच असतील तर पहिली कात्री पिशवीला लागते आणि नॉन-वोव्हनची पिशवी येते. ती दिसते कापडासारखी, पण आहे प्लॅस्टिकच.

तेव्हा आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी येत्या मार्गशीर्षात किंवा पौषानंतर कार्य आहे, आणि ते कोकणात करायचं ठरतंय, त्यांनी एप्रिलमध्ये आपल्या ओळखीच्या एखाद्या गटाला, कारागिराला फोन करावा. साधारण किती पाहुणे, एवढं सांगितलं तरी पुरे, पन्नास इकडेतिकडे चालतात. निम्मी रक्कम तेव्हाच द्यावी. रतांबे फोडताना बोलावलंत तर एखाद्या रविवारी येऊन बघाही, हात लाल होतील. पिशवीवर मुलाचं नाव आधी की मुलीचं, हे मात्र दोन्ही घरांनी आपसात ठरवून कळवावं. त्या भांडणात आमची मशीन गेल्या वेळी दोन दिवस थांबली होती.

आपली,
महिला बचत गटातील एक सदस्य,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग