पासवर्ड बरोबरच असतो हो!

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी उदगीरला मोंढ्याजवळ कॉम्प्युटर दुरुस्ती अन् डीटीपीचं छोटंसं दुकान चालवतो, वीस वर्षं होत आली. तुमच्या पेपरात रस्ते, पाणी, लाईट यावर पत्रं येतात ती वाचतो, पण माझ्या दुकानात रोज जे रडगाणं ऐकतो त्यावर कधी कोणी लिहिलेलं पाहिलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. रडगाणं असं की, "मेल यायलेच नाहीत, पासवर्ड चुकीचा म्हणायलंय." मार्च एंड अन् रिटर्न भरायचे दिवस आले की दिवसाला चार-पाच जण तरी हेच घेऊन येतात, त्यात डाळ मिलचे मुनीम, वकील, शाळेचे क्लार्क, आडत दुकानवाले, सगळे आले. अन् दहातल्या आठ जणांचा पासवर्ड बरोबर असतो बरं का! तरी प्रत्येकानं माझ्याकडे यायच्या आधी तो दोन-तीनदा बदललेला असतो, अन् खरा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी हे सांगतो की ही मंडळी सरळ ब्राउझरमध्ये मेल का उघडत नाहीत. आमच्याकडं नेट कधी जाईल अन् लाईट कधी जाईल ह्याचा भरवसा नाही, त्यामुळं आउटलुक किंवा थंडरबर्डसारखं सॉफ्टवेअर टाकून ठेवलं की मेल कॉम्प्युटरमध्ये उतरून बसतात, नेट नसलं तरी जुनं बिल, जुना सौदा काढून बघता येतो. वकील लोकांना तर तारखेच्या दिवशी हे लई उपयोगी पडतं. म्हणजे सवय चांगलीच आहे, पण ह्या सॉफ्टवेअरला मेल कंपनीच्या दारात जाऊन ओळख पटवावी लागते, अन् ती ओळख पटवायची पद्धतच मधल्या काळात बदलली, हे कोणी सांगितलंच नाही त्यांना.

2022 च्या जूनमधली गोष्ट. पेरणीचे दिवस, एका डाळ मिलचे मुनीमकाका घामाघूम होऊन आले. नऊ वर्षं जे आउटलुक गुपचूप चालत होतं ते अचानक पासवर्ड मागायला लागलं, बरोबर टाकला तरी पुन्हा तीच खिडकी, पुन्हा तीच खिडकी. काकांनी पासवर्ड बदलला. मग मालकाच्या मोबाईलवरचे मेल बंद पडले, म्हणून मालकानं तिकडून बदलला. मग काकांनी पुन्हा. संध्याकाळपर्यंत दोघांनाही आठवेना की शेवटचा कोणता, अन् इतक्या वेळा चुकीचं लॉगिन झाल्यावर खातंच काही तासांसाठी अडकलं. आता काकांना काय बोलणार, स्क्रीनवर "पासवर्ड चुकीचा" असं लिहून आलं तर माणूस पासवर्डच बदलणार ना!

झालं काय होतं की 30 मे 2022 पासून गुगलनं साध्या जीमेल खात्यांना, फक्त नाव अन् पासवर्ड टाकून बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून आत शिरायचा रस्ता बंद केला. मायक्रोसॉफ्टनं आपल्या आउटलुक डॉट कॉम, हॉटमेलवाल्या खात्यांना (ही मेलची खाती, आउटलुक सॉफ्टवेअर वेगळं) तेच 16 सप्टेंबर 2024 पासून केलं. कारण चुकीचं नाही त्यांचं. आधी काय व्हायचं, गोदामाची मूळ चावीच हमालाच्या हातात दिल्यासारखं होतं, ज्या सॉफ्टवेअरला पासवर्ड दिला त्याच्याकडे तो कायमचा, अन् ते सॉफ्टवेअर फुटलं की सगळंच गेलं. आता मार्केट यार्डात कसं, आत जायचं तर गेटवर पावती फाडावी लागते, तसं केलंय. तुम्ही मेल कंपनीच्या स्वतःच्या पानावर लॉगिन करायचं, मोबाईलवर आलेला "हो मीच" दाबायचा, अन् कंपनी त्या सॉफ्टवेअरला एक गेटपास देते, ज्याला ओऑथ म्हणतात. पासवर्ड सॉफ्टवेअरला कळतच नाही. गेटपास कधीही रद्द करता येतो, चावी बदलायची गरज नाही.

अडचण इतकीच की जुन्या आउटलुकला, म्हणजे 2007, 2010 वाल्याला, हा गेटपास घ्यायचं माहीतच नाही. ते बिचारं जुनीच चावी घेऊन दारात उभं राहतं, अन् आतून आवाज येतो पासवर्ड चुकीचा. अहो चुकीचा नाही, चावीच चालत नाही आता! एवढं एक वाक्य मराठीत स्क्रीनवर आलं असतं तर मुनीमकाकांचा दिवस वाचला असता. कोणाचंही सॉफ्टवेअर घ्या, सगळ्यांचे मेसेज असेच गोलमाल.

जीमेलसाठी मधला एक रस्ता आहे तो ॲप पासवर्ड. आधी खात्याला टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डबरोबर मोबाईलवरूनही ओळख पटवणं, चालू करायचं, ते केल्याशिवाय ॲप पासवर्डचं पान उघडतच नाही, मग तिथून 16 अक्षरांचा एक वेगळा पासवर्ड मिळतो, तो एकदाच दिसतो, खिडकी बंद केली की पुन्हा दिसत नाही, हरवला तर नवीन काढायचा. तो आउटलुकमध्ये नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकायचा. अन् सगळ्यात महत्त्वाचं, मूळ पासवर्ड बदलला की आधी काढलेले सगळे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. आता कळलं का मी पासवर्ड बदलू नका म्हणून का ओरडायलोय? एका शाळेत झेरॉक्स मशीनवरून स्कॅन करून थेट मेल जायचा, तोही ह्याच ॲप पासवर्डवर, क्लार्कनं सुरक्षिततेसाठी म्हणून मूळ पासवर्ड बदलला अन् मशीन महिनाभर गप्प. मशीनवाला म्हणे मदरबोर्ड गेला! मी जाऊन नवीन 16 अक्षरं टाकली, मशीन चालू.

मायक्रोसॉफ्टच्या साध्या खात्यांना मात्र आता हा जुगाडही नाही, तिथं गेटपासवालंच सॉफ्टवेअर पाहिजे. थंडरबर्ड फुकट आहे अन् त्याला हे जमतं, खातं जोडताना ऑथेंटिकेशनच्या जागी ओऑथ टू निवडायचं, कंपनीचं पान आपोआप उघडतं. ते पान उघडून पांढरंच राहिलं किंवा पुन्हा पुन्हा लॉगिन मागायलं तर थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) बंद आहेत का ते बघा, मी स्वतः ह्यापायी एक अख्खी दुपार घातली आहे.

यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ हा आणखी एक ताप. त्यात सांगतात "लेस सिक्युअर ॲप चालू करा", म्हणजे नुसत्या नाव-पासवर्डवाल्या सॉफ्टवेअरला आत येऊ द्या, ते बटणच आता राहिलं नाही. दुसरा सांगतो "आधी जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन आयमॅप इनेबल करा" (आयमॅप म्हणजे सॉफ्टवेअरनं मेल कंपनीकडचे मेल बघायची पद्धत), तर साध्या जीमेल खात्याला 2025 पासून ते कायम चालूच असतं, बटण सापडणारच नाही. लोक तासभर बटण शोधत बसतात अन् मग म्हणतात आमच्या खात्यात काहीतरी बिघाड आहे.

माझी पद्धत साधी आहे, गिऱ्हाईक आलं की पहिलं काम, त्याच पासवर्डनं ब्राउझरमध्ये मेल उघडून बघतो. उघडला, तर पासवर्ड बरोबर, त्याला हात लावायचा नाही, दोष सॉफ्टवेअरमध्ये नाहीतर कॉम्प्युटरमध्ये. एवढ्यानं निम्मं भांडण मिटतं.

मग कॉम्प्युटरची तारीख बघतो. हसू नका, आमच्या भागात हे लई होतं. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर 2032, ती मेली अन् रात्री लाईट गेली की सकाळी कॉम्प्युटर स्वतःला 2010 सालात समजून उठतो. मेल सर्व्हरचं, म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरचं, सर्टिफिकेट (ओळखपत्रच म्हणा) आजच्या तारखेचं, ते ह्याला भविष्यातलं वाटतं, म्हणून जोडणीच करत नाही. एका गावच्या शाळेतले गुरुजी दोन महिने रोज सकाळी सर्टिफिकेटच्या एररला ओके दाबायलेत अन् कंटाळून मोबाईलवरून कामं करायलेत. पन्नास रुपयांच्या आतली बॅटरी होती हो!

मेल येतात पण जात नाहीत, आउटबॉक्समध्येच बसून राहतात, असं असेल तर बाहेर जायचा दरवाजा वेगळा असतो हे लक्षात घ्यायचं. येणाऱ्या मेलला आयमॅप, पोर्ट (म्हणजे दाराचा नंबर) 993. जाणाऱ्याला एसएमटीपी, पोर्ट 587 किंवा 465. पूर्वी कोणीतरी 25 टाकून ठेवलेलं असतं, अन् ते पोर्ट बऱ्याच नेट कंपन्या स्पॅममुळं अडवून ठेवतात. एका वकील साहेबांनी ऑफिससाठी स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे मेलमध्ये ॲटच्या पुढं येणारं नाव, घेतलं होतं, त्यांचं तर आणखी वेगळं निघालं, युजरनेमच्या जागी नुसतं नाव टाकलेलं, ॲटच्या पुढचं काहीच नाही, शिवाय जाणाऱ्या सर्व्हरलाही लॉगिन लागतं ती टिक केलेली नव्हती. दोन मिनिटांचं काम, पण तोवर साहेबांनी तीन वेळा पासवर्ड बदलून झालेला. अँटिव्हायरसचं मेल तपासणारं फीचरही कधी कधी मधे हात घालतं, ते पाच मिनिटं बंद करून बघायचं अन् मग आठवणीनं चालू करायचं.

अन् काही वेळा कनेक्शनचा काही संबंधच नसतो. जीमेलची 15 जीबी जागा मेल, ड्राइव्ह अन् फोटो ह्या तिघांत मिळून असते, नातवाच्या बारशाच्या व्हिडिओनं ती भरली की नवे मेल येणं बंद, समोरच्याला परत जातात. आमच्या गल्लीतले एक रिटायर गुरुजी म्हणायलेत पेन्शन ऑफिसचं पत्रच येईना. येणार कुठं, बसायला जागाच नव्हती.

पॉपबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण इथं कायमचं नुकसान होतं. खातं जोडताना आयमॅप की पॉप असं विचारतात. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात, कॉम्प्युटरमध्ये फक्त नक्कल. पॉपमध्ये मेल उतरवून घेतले जातात, अन् "कॉपी सर्व्हरवर ठेवा" ही टिक नसेल तर तिकडून पुसलेही जाऊ शकतात. एका आडत्याच्या पोरानं इंटरनेटवर बघून पॉप लावलं, सात वर्षांचे मेल एका जुन्या हार्ड डिस्कवर उतरले, अन् पुढच्या उन्हाळ्यात ती डिस्क गेली. सौदे, पावत्या, ट्रान्सपोर्टवाल्यांचे हिशोब, सगळं. ते गृहस्थ माझ्या दुकानात स्टुलावर बसून अर्धा तास काहीच बोलले नाहीत. म्हणून सांगतो, ज्याला नक्की माहीत नाही त्यानं आयमॅपच घ्यावं.

आता ज्यासाठी मुळात पत्र लिहायला घेतलं ते. मागच्या दिवाळीत माझ्या ओळखीचा एक खताचा दुकानदार, मेल चालेना म्हणून त्यानं इंटरनेटवर "कस्टमर केअर नंबर" असं शोधलं, पहिला जो नंबर आला त्यावर फोन केला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला, "सर तुमचं खातं ब्लॉक होणार आहे," म्हणत त्यानं मोबाईलमध्ये स्क्रीन दाखवायचं एक ॲप घ्यायला लावलं अन् दहा रुपये व्हेरिफिकेशनचे भरायला सांगितले. अर्ध्या तासात खात्यातून अठ्ठेचाळीस हजार गेले. मेलचा मूळ दोष काय होता माहितेय? कॉम्प्युटरची तारीख. मेल कंपनीचा माणूस फोनवर पासवर्ड किंवा ओटीपी मागत नाही, कोणी मागितला की फोन ठेवायचा. अन् पैसे गेलेच तर त्याच तासाला 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन लावायचा, उद्या बघू म्हणायचं नाही, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवले तर अडवले.

ऑफिसवाल्यांना एक विनंती. बदली झाली की चार्ज देताना कपाटाच्या चाव्या, शिक्के, डेडस्टॉक रजिस्टर सगळं लिहून देतात, पण ऑफिसच्या मेलला जोडलेला मोबाईल नंबर कोणी बदलून देत नाही. ओटीपी जातो जुन्या साहेबांना, साहेब आता दुसऱ्या जिल्ह्यात, फोन उचलत नाहीत, इकडं टेंडरची तारीख आजची. अन् नंबर बंद पडला तर काही महिन्यांनी तो दुसऱ्याच कोणाला तरी मिळतो, मग तुमच्या ऑफिसचा ओटीपी कोण्या अनोळखी माणसाच्या हातात. टू स्टेप चालू केलं की जीमेल दहा बॅकअप कोड देतं, म्हणजे ओटीपी मिळत नसेल तेव्हा टाकायचे आकडे, ते प्रिंट काढून चार्जच्या कागदाला जोडून सीलबंद पाकिटात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

तुम्हाला विनंती एवढीच की आठवड्यातून एखादा चौकोन ह्या असल्या गोष्टींसाठी द्या, साध्या मराठीत, राशिभविष्याच्या शेजारी दिला तरी चालेल, तिथं सगळ्यांची नजर जातेच. लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको.

हे पत्र युनिकोडमध्ये टाइप केलंय. तुमच्याकडं अजून श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, पान लागत असेल तर कळवा, बदलून पुन्हा पाठवतो, नाहीतर जोडाक्षरांचे तुकडे होतील.

आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला,
उदगीर, जि. लातूर